मुरूड ते सातारा, चार दिवस पायी : महर्षी कर्व्यांच्या दमाची गोष्ट आणि सायकलची ‘स्टेप पॉवर टेस्ट’

सन १८७५, सप्टेंबर महिना. कोकणात पाऊस कोसळत होता. समुद्र खवळलेला असल्याने आगबोटी बंद होत्या. अशा दिवसांत दापोलीजवळच्या मुरूड गावातून काही मुले साताऱ्याला परीक्षेसाठी पायी निघाली. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे जवळपास १७७ किलोमीटर. वाटेत नद्या, जंगल आणि सह्याद्रीचा कुंभार्ली घाट. चार दिवस चालून ही मुले साताऱ्याला पोहोचली. त्यातल्या एकाला मात्र परीक्षेला बसूच दिले नाही. परीक्षेसाठी वयाची १७ वर्षे पूर्ण हवी होती. त्याची ती झालेली होती. पण अंगकाठी इतकी लहान, की परीक्षा समितीला तो १७ वर्षांचा वाटेना.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले, १०४ वर्षे जगलेले, भारतरत्न अण्णासाहेब कर्वे.

चार दिवसांत घाट ओलांडून आलेल्या मुलाच्या कुवतीचा अंदाज त्याच्या दिसण्यावरून केला गेला आणि तो चुकला. ही चूक आजही होते. दंड-मांड्या भरदार दिसल्या की माणूस तंदुरुस्त आणि किडकिडीत दिसला की कमजोर, असे आपण पटकन ठरवून टाकतो. शरीर प्रत्यक्षात किती काम करू शकते, हे मोजण्याची एक सोपी पद्धत आता घरातही वापरता येते. तिचे नाव ‘स्टेप पॉवर टेस्ट’. पावसाळ्यात रस्त्यावर उतरणे अवघड झाले की रत्नागिरीपासून पुण्या-मुंबईपर्यंत अनेक सायकलस्वार सायकल घरातल्या ट्रेनरवर चढवतात. त्यांच्यासाठी ही चाचणी विशेष उपयोगी आहे. कर्व्यांच्या आयुष्याच्या वाटेवरून जात ती समजून घेऊ.

मुरूडचा मुलगा

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर मुरूडला. वडील केशवपंत, आई लक्ष्मीबाई. घरची परिस्थिती बेताची. गावातले शिक्षक विनायक लक्ष्मण सोमण यांचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला. स्वतःपुरते न पाहता गावासाठी काही करावे, हा संस्कार सोमण गुरुजींकडून आला.

मराठी सहावीची सरकारी परीक्षा पास झाली की शिक्षकाची किंवा लहानशी सरकारी नोकरी मिळण्याची वाट मोकळी होई. गरीब घरातल्या मुलासाठी ती परीक्षा म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न होता. म्हणून भर पावसात ११० मैल चालण्याची तयारी झाली. रोजची सरासरी काढली तर ती दिवसाला ४४ किलोमीटरच्या आसपास येते. तीही चिखलातून, ओझ्यासह आणि मध्ये घाट चढून.

साताऱ्याहून परतताना हातात काहीच नव्हते. वर्ष वाया गेले होते.

घाट चढायला किती वॅट लागतात?

कर्वे पुढे गणिताचे प्राध्यापक झाले, तेव्हा थोडे गणित इथे शोभून दिसेल.

ताकद आणि शक्ती या शब्दांची बोलताना गल्लत होते. विज्ञानात शक्ती म्हणजे एका सेकंदात केलेले काम. ते वॅट या एककात मोजतात. वाफेच्या इंजिनात मोठ्या सुधारणा करणाऱ्या जेम्स वॅट यांच्यावरून हे नाव पडले. घरातला दिवा ९ वॅटचा असतो, पंखा ७० वॅटच्या आसपासचा. माणसाचे पायही वॅटमध्येच मोजता येतात.

चढ चढताना शरीराला स्वतःचे वजन वर उचलावे लागते. त्याचा हिशेब असा : वजन किलोमध्ये, गुणिले ९.८, गुणिले चढाची उंची मीटरमध्ये, भागिले लागलेले सेकंद. समजा, ५० किलो वजनाचा माणूस ६०० मीटर उंचीचा घाट २ तासांत चढला. ५० गुणिले ९.८ गुणिले ६०० म्हणजे २,९४,००० ज्यूल काम. त्याला ७,२०० सेकंदांनी भागले की सुमारे ४१ वॅट येतात. हाच घाट तितक्याच वेळात ८० किलोच्या माणसाला चढायचा असेल, तर त्याला सुमारे ६५ वॅट द्यावे लागतील.

म्हणजे घाटात लहान चण ही उणीव नसते, उलट सोय असते. साताऱ्यात ज्या अंगकाठीमुळे कर्व्यांना नाकारले, ती घाट चढताना त्यांच्या बाजूनेच होती. सायकलस्वारांच्या बोलण्यात ‘वॅट प्रति किलो’ हा शब्द वारंवार येतो, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

मोजणारी सायकल कधी आली?

कर्वे तरुण असताना माणसाचा दम मोजण्याची सोय सामान्य माणसाजवळ नव्हती. पैलवान किती जोर-बैठका काढतो, गडी किती ओझे वाहतो, वाटसरू दिवसात किती कोस चालतो, हीच मापे होती. ती वाईट नव्हती. त्यांत निदान प्रत्यक्ष काम मोजले जात होते. अडचण एवढीच, की दोन माणसांची किंवा एकाच माणसाच्या दोन दिवसांची तुलना नीट करता येत नसे. रस्ता वेगळा, ओझे वेगळे, हवा वेगळी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांत जागेवर उभी राहणारी सायकल आली. तिच्या चाकाला ठराविक विरोध दिला जाई आणि पायांनी किती काम केले, ते आकड्यात कळे. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी अशी सायकल तयार केली. १९५४ मध्ये स्वीडनमध्ये ऑस्ट्रांड आणि रिमिंग यांनी एक तक्ता मांडला. ठराविक वॅटवर काही मिनिटे सायकल चालवली असता नाडी किती होते, त्यावरून शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकेल याचा अंदाज त्यातून काढता येऊ लागला. त्या वर्षी कर्वे ९६ वर्षांचे होते.

आज तेच काम ‘स्मार्ट ट्रेनर’ करतो. सायकलचे मागचे चाक काढून ती या यंत्रावर बसवतात किंवा काही प्रकारांत चाकासकट ठेवतात. यंत्र विरोध कमी-जास्त करते आणि वॅटचा आकडा मोबाइलवर दाखवते. पेडलमध्ये किंवा क्रॅंकमध्ये बसणारे पॉवर मीटरही मिळतात. अनेक जिममधल्या व्यायामाच्या सायकलीही वॅट दाखवतात, मात्र त्यांचे आकडे सर्वत्र सारखेच अचूक असतात असे धरू नये.

चाचणी कशी घ्यायची?

नावाप्रमाणे ही पायऱ्यांची चाचणी आहे. जिन्याच्या नव्हे, वॅटच्या पायऱ्यांची.

आधी १० मिनिटे हलके पेडल मारून अंग गरम करायचे. मग १०० वॅटपासून सुरुवात. दर मिनिटाला २० वॅट वाढवायचे : १२०, १४०, १६०. नवशिक्यांनी आणि कमी वजनाच्या लोकांनी ६० किंवा ८० वॅटपासून सुरुवात करून १० ते १५ वॅटच्या पायऱ्या ठेवल्या तरी चालते. पेडलचा वेग मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांच्या आसपास स्थिर ठेवायचा. चाचणीभर खोगीरावर बसूनच राहायचे.

पहिल्या काही पायऱ्या अगदी सोप्या वाटतात. मग श्वास वाढतो, बोलणे तुटक होते. त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत पाय भरून येतात आणि धाप लागते. पेडलचा वेग ६० फेऱ्यांच्या खाली घसरला आणि पुन्हा वर येईना, की चाचणी संपली. लगेच उतरायचे नाही. १० मिनिटे हलके पेडल मारत श्वास खाली आणायचा.

साधारण अशी चाचणी २५ ते ३० मिनिटांत उरकते. खरा त्रास शेवटच्या चार-पाच मिनिटांचाच असतो.

काही प्रशिक्षक एका मिनिटाऐवजी तीन-तीन मिनिटांच्या पायऱ्या वापरतात. त्यात दर पायरीवर नाडी स्थिर व्हायला वेळ मिळतो. मात्र लांब पायऱ्यांमुळे पाय आधीच थकतात आणि शेवटचा आकडा कमी येतो. म्हणून एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

आकड्याचा अर्थ कसा लावायचा?

समजा, ६५ किलो वजनाच्या सायकलस्वाराने एक-एक मिनिटाच्या पायऱ्यांत २६० वॅटची पायरी पूर्ण केली आणि पुढच्या पायरीवर लगेच थांबला. त्याच्या शेवटच्या पूर्ण मिनिटाची शक्ती २६० वॅट.

या आकड्याचे सुमारे ७५ टक्के घेतले की १९५ वॅट येतात. याला सायकलस्वार ‘एफटीपी’ म्हणतात. ताज्या पायांनी, पूर्ण जोर लावून, साधारण तासाभर टिकवता येईल अशी शक्ती म्हणजे एफटीपी. तासभर जीव काढून सायकल चालवण्याऐवजी अर्ध्या तासात तिचा अंदाज मिळतो, हा या चाचणीचा मुख्य फायदा.

१९५ ला ६५ ने भागले की ३ वॅट प्रति किलो. आता ८० किलोचा दुसरा सायकलस्वार घेऊ. त्याची एफटीपी २१६ वॅट, म्हणजे पहिल्यापेक्षा २१ वॅट अधिक. पण प्रति किलो हिशेब केला तर २.७. सपाट रस्त्यावर हा दुसरा पुढे जाण्याची शक्यता जास्त. घाटात मात्र चित्र बदलते. सायकलचे वजन १० किलो धरून, ६०० मीटरची उंची गाठायला केवळ वजन उचलण्याच्या हिशेबाने पहिल्याला सुमारे ३८ मिनिटे लागतील, दुसऱ्याला सुमारे ४१. हवा आणि टायरच्या घर्षणामुळे प्रत्यक्षात दोघांनाही यापेक्षा थोडा अधिक वेळ लागेल.

प्राणवायूच्या वापराचाही अंदाज काढता येतो. शेवटची शक्ती प्रति किलो काढून तिला १०.८ ने गुणायचे आणि ७ मिळवायचे. पहिल्या सायकलस्वाराचे २६० भागिले ६५ म्हणजे ४. त्यावरून उत्तर ५०.२ येते. म्हणजे दर किलो वजनामागे दर मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर प्राणवायू. यालाच ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. हे सूत्र स्थिर वेगासाठी बनवलेले आहे. झपाट्याने वाढणाऱ्या पायऱ्यांत ते उत्तर थोडे फुगवून सांगते. प्रयोगशाळेत तोंडाला मुखवटा लावून श्वास मोजतात, ते मोजमाप. घरी निघतो तो अंदाज.

रत्नागिरी, मुंबई आणि पुणे

अंदाज आणि मोजमाप यांतला हा फरक कर्व्यांना भोगावा लागला होता. एका दिवशी, एका समितीने, एका नजरेत केलेला अंदाज अखेरचा मानून ते थांबले असते, तर कथा मुरूडलाच संपली असती. पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि ते पास झाले.

नंतर इंग्रजी शिकण्यासाठी ते रत्नागिरीच्या हायस्कूलमध्ये दाखल झाले. तिथे आजारपणाने त्यांना गाठले आणि शाळा सोडून घरी परतावे लागले. म्हणजे ज्या मुलाने चार दिवसांत सातारा गाठला होता, त्याच मुलाचे शरीर रत्नागिरीत साथ देईना. शरीराचा दम ही कायमची मिळकत नसते. ताप, अपुरी झोप, अपुरे खाणे यांनी तो उतरतो. चाचणीच्या बाबतीतही हे लक्षात ठेवायला हवे. आजारातून उठल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीचा आकडा माणसाची कुवत सांगत नाही, त्या दिवसाची अवस्था सांगतो.

पुढे ते मुंबईला गेले. रॉबर्ट मनी स्कूलमधून १८८१ मध्ये मॅट्रिक झाले. शिकवण्या करत शिक्षणाचा खर्च भागवला आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन पदवी मिळवली. तेव्हा त्यांचे वय २६ होते. बरोबरीच्या अनेकांपेक्षा ते उशिरा पदवीधर झाले. १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९१४ पर्यंत त्यांनी तिथे शिकवले.

१८९१ हेच वर्ष त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई यांच्या निधनाचे. त्या काळच्या रीतीप्रमाणे विधुराने कुमारिकेशी लग्न करायचे. कर्व्यांनी ते नाकारले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. पुढे त्या आनंदीबाई कर्वे किंवा बाया म्हणून ओळखल्या गेल्या. हे लग्न मुरूडला मानवले नाही. गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावाच्या भल्याचा संस्कार सोमण गुरुजींनी दिला होता, त्याच गावात त्यांना जागा उरली नाही.

हिंगण्याची रोजची वाट

१८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. शहरात प्लेगची भीती, त्यात लोकांचा रोष. १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली आणि तिथून काम सुरू झाले. तेव्हा हिंगणे म्हणजे माळरान. धड रस्ता नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल.

दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, संध्याकाळी काही मैल चालत हिंगणे गाठायचे, मुलींना शिकवायचे, आश्रमाचा हिशेब पाहायचा आणि पुन्हा पुणे. येताना सामानसुमानही सोबत असे. हा क्रम एका-दोन दिवसांचा नव्हता. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

व्यायामशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर ही पायपीट म्हणजे कमी तीव्रतेचा, रोजचा, दीर्घकाळ चाललेला सराव. सायकलिंगमध्येही पाया असाच घातला जातो. एफटीपीच्या साधारण ५६ ते ७५ टक्के शक्तीने, गप्पा मारता येतील अशा वेगाने, लांबवर सायकल चालवायची. आपल्या उदाहरणातल्या सायकलस्वारासाठी हा पट्टा १०९ ते १४६ वॅटचा आहे. या वेगात हृदय दर ठोक्याला अधिक रक्त ढकलायला शिकते आणि स्नायूंतली ऊर्जा बनवणारी यंत्रणा वाढते. स्टेप टेस्टचा उपयोग इथे आहे. आकडा मित्रांना दाखवण्यासाठी नसतो, रोजचा सराव किती हलका आणि किती जड ठेवायचा हे ठरवण्यासाठी असतो. बहुतेक हौशी सायकलस्वारांची चूक हीच, की सोप्या दिवशी ते फार जोर लावतात आणि अवघड दिवसासाठी पाय उरत नाहीत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. चालण्याचा दम आणि सायकलचा दम एकच नाही. हृदय आणि फुप्फुसे सामायिक असली, तरी मांड्यांच्या स्नायूंना पेडलची सवय वेगळी लागते. रोज १० किलोमीटर चालणारा माणूस पहिल्याच स्टेप टेस्टमध्ये लवकर थांबू शकतो. त्याने निराश होण्याचे कारण नाही.

सत्तरीनंतरचा माणूस

हिंगण्याच्या झोपडीतून संस्था वाढत गेल्या. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाख रुपयांच्या देणगीनंतर ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तेच आजचे एसएनडीटी विद्यापीठ.

१९२९ मध्ये, ७१ व्या वर्षी ते जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान असे फिरत त्यांनी स्त्रीशिक्षणाच्या कामाची माहिती दिली आणि निधी जमवला. बर्लिनमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांची भेट झाली. तिथून परतल्यावर लगेच, १९३० च्या अखेरीस ते आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्रामशिक्षण मंडळ स्थापन केले. त्यासाठी पुण्यात पायी फिरून त्यांनी लहान-लहान रकमा गोळा केल्या. १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते.

वय वाढते तसा प्राणवायू वापरण्याचा कमाल आकडा उतरतो. तिशीनंतर बैठे आयुष्य जगणाऱ्यांत दर दहा वर्षांनी साधारण १० टक्के घट होते. नियमित हालचाल ठेवणाऱ्यांत ती मंद असते, पण थांबत नाही. म्हणून पन्नाशीतल्या सायकलस्वाराने आपला आकडा पंचविशीतल्या मुलाशी लावून पाहू नये. मागच्या वर्षीच्या स्वतःच्या आकड्याशी लावावा. पन्नाशीनंतर आकडा जागेवर राहिला, तरी ती कमाई आहे.

कर्व्यांच्या शंभरीचे श्रेय केवळ चालण्याला देणे बरोबर ठरणार नाही. आयुष्य किती मिळते, त्यात आनुवंशिकता आणि नशीब यांचाही वाटा असतो. पण मिळालेल्या वर्षांत पाय चालते राहिले, ही गोष्ट त्यांच्या कामाच्या यादीवरून स्पष्ट दिसते.

कोणी सावध राहावे?

शेवटच्या पायरीपर्यंत जाणारी चाचणी हृदयावर पूर्ण भार टाकते. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी, घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी आणि चाळिशीनंतर नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखणे, चक्कर, अंधारी किंवा विचित्र धडधड जाणवली, तर आकडा विसरून तिथेच थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. चाचणी घरात एकट्याने करू नये.

अशा लोकांसाठी अर्ध्यावर थांबणारी पद्धतही आहे. १०० किंवा १२० वॅटची एकच सोपी पायरी ६ मिनिटे चालवायची आणि शेवटी नाडी नोंदवायची. दोन महिन्यांनी त्याच वॅटवर नाडी १४० ऐवजी १३२ आली, तर दम वाढला आहे. जीव काढण्याची गरज नाही.

कोकणातल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. पावसाळ्यात बंद खोलीतली हवा दमट असते आणि घाम सुकत नाही. शरीर तापते, नाडी चढते आणि आकडा खाली येतो. समोर मोठा पंखा, खिडकी उघडी, जवळ पाणी आणि टॉवेल, एवढी तयारी हवीच.

आकडा काय सांगत नाही?

स्टेप टेस्ट शेवटच्या काही मिनिटांचा जोर मोजते. ज्यांना थोड्या वेळात स्फोटक जोर लावता येतो, त्यांची एफटीपी ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवते. ज्यांची चाल संथ पण चिवट असते, त्यांची कमी दाखवते. दोनशे किलोमीटरच्या राइडमध्ये सहाव्या तासाला पाय काय करतील, पोट अन्न घेईल का, पावसात मन टिकेल का, यातले काहीच ती सांगत नाही. चार दिवसांच्या सातारच्या वाटेवर जे लागले, त्यातला फार थोडा भाग तीस मिनिटांच्या चाचणीत पकडता येतो.

म्हणून आकडा लिहून ठेवताना सोबत तारीख, वजन, सुरुवातीची पायरी, पायरीची लांबी, आदल्या रात्रीची झोप आणि त्या दिवसाची हवा यांचीही नोंद करावी. ६ ते ८ आठवड्यांनी, शक्य तितक्या सारख्या परिस्थितीत, त्याच ट्रेनरवर पुन्हा चाचणी घ्यावी. दोन-चार वॅटचा फरक आला, तर त्यात आनंद किंवा दुःख मानू नये, तेवढी चूक यंत्रातही असते. तीन-चार चाचण्यांचा कल कुठे जातो, ते पाहावे. पहिला आकडा कमी आला, तर तो निकाल नसतो, सुरुवातीची नोंद असते.

कर्व्यांना १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. साताऱ्याच्या त्या समितीला १८७५ मध्ये जो मुलगा १७ वर्षांचाही वाटला नव्हता, तो त्यानंतर ८७ वर्षे चालत राहिला.

थोडक्यात

- स्टेप पॉवर टेस्टमध्ये ट्रेनरवर दर मिनिटाला ठराविक वॅट वाढवत, थांबावे लागेपर्यंत पेडल मारतात.
- शेवटच्या पूर्ण मिनिटाच्या शक्तीचे सुमारे ७५ टक्के म्हणजे एफटीपीचा अंदाज.
- घाटासाठी एकूण वॅटपेक्षा वॅट प्रति किलो महत्त्वाचे.
- तुलना स्वतःच्या जुन्या आकड्याशी, त्याच पद्धतीने आणि त्याच यंत्रावर करावी.
- आजारपण, चाळिशी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टर, मग चाचणी.